ग्राफवरून चित्रांची दुलई आणि बाळाचे कपडे : क्रोशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, आमच्या घरी दुपारी क्रोशाचा छोटासा वर्ग चालतो. दिवाळीचा फराळ संपत आला की फोनवर प्रश्न सुरू होतात, कारण थंडी तोंडावर असते आणि कुणाच्या तरी घरी पाळणा हलणार असतो. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. शब्दांबद्दल एक खुलासा. इथले दुकानदार लोकरीला हिंदीत ‘ऊन’ म्हणतात. त्यामुळे जानेवारीत मराठी घरात कुणी “ऊन मिळालं का?” असं विचारलं, तर गच्चीवरचं की दुकानातलं, हे विचारून घ्यावं लागतं. इथे मी लोकरच म्हणणार आहे.

१. ‘अफगाण’ म्हणजे नक्की काय? शाल की दुलई?

अमेरिकेत विणलेल्या पांघरुणाला अफगाण म्हणतात, आणि ग्राफवरून चित्र काढलेल्या अफगाणाला ग्राफगन. आपल्याकडे दुलई म्हटलं तरी कुणाचं अडत नाही. ग्राफमधलं एक घर म्हणजे एक टाका, आणि ज्या रंगाचं घर त्या रंगाचा टाका. सगळी विद्या एवढीच.

२. मला फक्त साखळी आणि खांब येतो. चित्राची दुलई जमेल का?

जमेल. खरं तर याला खांबही लागत नाही, मुका खांब पुरतो. मुक्या खांबाचा टाका बुटका आणि घट्ट असतो, त्यामुळे चित्राच्या कडा नीट दिसतात. हात बसायला आधी एकरंगी वीस ओळी विणा. कडा सरळ आल्या तर रंग हातात घ्या. कडा आत सरकत असतील तर ओळीतला शेवटचा टाका सुटतोय. प्रत्येक ओळ मोजा, कंटाळा आला तरी.

३. ग्राफ कुठून वाचायचा?

खालच्या उजव्या कोपऱ्यातून. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी पुन्हा उजवीकडून. विषम ओळी सुलट बाजूच्या, सम ओळी उलट बाजूच्या. १०५ घरांच्या ग्राफला १०६ साखळ्या घालायच्या आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घ्यायचा. दर दहा घरांनंतर ग्राफवर जाड रेघ मारा. चालू ओळीच्या वर स्टीलची पट्टी ठेवा, म्हणजे विणून झालेला भाग उघडा राहतो आणि नवी ओळ त्याच्यावर कशी बसते ते दिसतं. बऱ्याच जणी उलट करतात, झालेला भाग झाकतात, आणि एक घर सरकलं तरी त्यांच्या लक्षात येत नाही. (डावखुऱ्या असाल तर प्रश्न १५.)

४. ग्राफमध्ये अस्वलाचा चेहरा गोल होता, विणल्यावर चपटा झाला. माझं काय चुकलं?

विणण्यात काहीच चुकलं नाही. ग्राफचं घर चौरस असतं, मुका खांब चौरस नसतो. तो उंचीपेक्षा थोडा रुंद असतो. माझ्या हाताने ५ मिमीच्या सुईवर मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंमीमध्ये १४ टाके आणि १६ ओळी बसतात. म्हणजे १०० बाय १०० घरांचं चित्र सुमारे ७१ सेंमी रुंद होतं आणि ६२.५ सेंमीच उंच. भाच्यासाठी पहिला हत्ती विणला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तो हत्ती रोडरोलर वाटतो असं घरातल्या एकाने बारशातच, पाहुण्यांसमोर सांगितलं.

आधी २० टाके आणि २० ओळींचा नमुना विणून पट्टीने मोजा. त्या मापावर ग्राफ बेता. माझ्या मापाला घराची रुंदी आणि उंची ८ : ७ या प्रमाणात हवी. एक्सेलमध्ये रकाने आणि ओळी त्या प्रमाणात ओढून घ्या आणि त्यातच चित्र रंगवा. शाळेच्या चौकटीच्या वहीवरच काढायचं असेल तर चित्र मुद्दाम थोडं उंच काढा : १०० घरं रुंद चित्राला १०० ऐवजी ११४ ओळी. कागदावर ते उंचाडं दिसेल, लोकरीत बरोबर येईल. दुसऱ्या कुणाचं माप घेऊ नका. माझ्या वर्गात एकाच सुईने, एकाच लोकरीने दोघींचे नमुने वेगळे निघतात, कारण एकीचा हात घट्ट असतो आणि दुसरीचा सैल. नमुन्याचा तास वाया जातो असं वाटणाऱ्यांना मी आग्रह करत नाही. त्या दुलई उसवून परत येतात.

५. किती लोकर आणायची?

प्रश्न ४ मधला नमुना फेकू नका, वजन करा. समजा २० बाय २० म्हणजे ४०० घरांना १२ ग्रॅम लागली. बाळाची दुलई ७५ बाय ९० सेंमी धरली तर वरच्या मापाने १०५ टाके आणि १४४ ओळी होतात, म्हणजे १५,१२० घरं. ४०० ला १२ ग्रॅम, तर याला साधारण ४५४ ग्रॅम. त्यावर १५ टक्के जास्त धरा, कारण शेपट्या (म्हणजे धाग्यांची सुटी टोकं), चुका आणि काठ यात बरीच लोकर जाते. एकूण सव्वापाचशे ग्रॅम आणा. रंगांची वाटणी ग्राफमधली त्या त्या रंगाची घरं मोजून करा.

जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते तपासा. “रंग तोच आहे, ताई” यावर मी एकदा विश्वास ठेवला होता. माझ्या बैठकीत एक दुलई आहे, तिचं आकाश मध्यावर बदलतं.

६. बाळासाठी खरी लोकर चांगली की अॅक्रिलिक?

आमच्याकडे जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हणून बाळ कधी होणार ते मी आधी विचारते. थंडीतल्या बाळाला मऊ अॅक्रिलिक : धुवायला सोपं, टोचत नाही, रंगही भरपूर मिळतात. लुधियानाचा बराच माल याच प्रकारचा असतो. खरी लोकर जास्त उबदार, पण गरम पाण्यात घातली तर आटून नमद्यासारखी होते, आणि काही बाळांना टोचते. गुंडा स्वतःच्या गळ्याला पाच मिनिटं लावून बघा. मार्चनंतरच्या बाळाला सुती धागाच. लाल, गडद निळा, मरून असे सुती रंग पांढऱ्याशेजारी वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. रुमाल रंगला तर ते दोन रंग एका दुलईत नकोत.

७. रंग बदलला की तिथे ठिपका दिसतो. रंग नेमका कधी बदलायचा?

एक टाका आधी. जुन्या रंगाच्या शेवटच्या मुक्या खांबात सुईवर दोन फास आले की थांबा. त्या दोन फासांतून नवा रंग ओढून काढा. मुक्या खांबाचं डोकं पुढच्या टाक्यावर कललेलं असतं, म्हणून रंग इथेच बदलावा लागतो. उलट बाजूच्या ओळीत जुना धागा आपल्याकडे, म्हणजे उलट्या बाजूलाच सोडा. नाहीतर सुलट बाजूवर धागे लोंबतात.

८. एका ओळीत सात रंग, सात गुंडे! गुंता कसा टाळायचा?

कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या. प्रत्येक रंगपट्ट्यासाठी थोडी लोकर चिमट्याला गुंडाळून मागे लटकवा. मोठे गुंडे ओळीत लावू नका. ओळ संपली की काम एकदा घड्याळाच्या दिशेने आणि पुढच्या वेळी उलट फिरवा, बराच पीळ आपोआप सुटतो.

रंग दोन-तीन घरांपुरताच थांबत असेल तर धागा मुक्या खांबांच्या आतून पुढे नेता येतो. पण पांढऱ्याच्या आतून काळा नेला तर तो डोकावतो. आणि धागा मागे मोकळा सोडून पुढे नेणं बाळाच्या वस्तूत चालत नाही. बोट अडकतं. मोज्यात आणि हातमोज्यात तर मुळीच नाही. सुटा धागा पायाच्या बोटाला गुंडाळून रक्त थांबू शकतं, डॉक्टरांनाही ते कधीकधी उशिरा कळतं. शेपटी किमान १५ सेंमी ठेवा आणि सुईने तीनदा, दरवेळी दिशा बदलून, टाक्यांत घाला. गाठ मारून कापू नका.

९. परदेशी ग्राफप्रमाणे केलं तर दुलई दुप्पट उंच झाली. असं कसं?

अमेरिकेचा ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. इंग्लंडमध्ये त्यालाच ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकेचा ‘डबल’ म्हणजे आपला खांब, तो इंग्लंडचा ‘ट्रेबल’. तुम्ही इंग्लंडचा ‘डबल’ आपला खांब समजून विणला, म्हणून उंची दुप्पट झाली. पॅटर्नमध्ये कुठेही ‘सिंगल’ दिसलं तर तो अमेरिकन आहे, कारण इंग्लंडमध्ये ते नावच नाही. बाकी पॅटर्न कुठल्याही देशाचा असो, घर ते घरच.

१०. कोपऱ्यातून कोपऱ्यात विणतात ती पद्धत सोपी असते का?

भराभर होते आणि तिचा ठोकळा चौरस असतो, म्हणून प्रश्न ४ ची कटकट नाही. सहा साखळ्यांनी सुरुवात होते आणि प्रत्येक घर तीन साखळ्या व तीन खांबांचा ठोकळा असतो. ग्राफ मात्र तिरका वाचावा लागतो. अडचण बारकाव्याची आहे : एक ठोकळा साधारण दोन सेंमी, म्हणजे ७५ सेंमीच्या दुलईत जेमतेम ३७ घरं. तेवढ्यात एक मोठी चांदणी किंवा एक अस्वल मावतं, अक्षरं नाहीत. मोठ्या माणसाच्या पांघरुणाला चांगली, बाळाच्या कामाला मी मुका खांबच सुचवते.

११. आजीच्या तोरणाचा ग्राफ आहे, मोर आणि ‘सुस्वागतम्’. त्यावरून दुलई होईल?

होईल. ते जाळीचं काम : रिकामं घर म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या, भरलेल्या घरात साखळ्यांच्या जागी दोन खांब. दुलईला रिकामी घरं एका रंगाने, भरलेली दुसऱ्याने, प्रत्येकी एक मुका खांब. जाळी तशीच्या तशी मात्र बाळाच्या पांघरुणाला नको, त्या भोकांतून बाळाची बोटं जातात. आजीची वही जपा. अशा वह्यांतले मोर कुठल्याही ॲपपेक्षा सरस असतात, दोनच रंगांत काम भागवायची त्यांना सवय असते.

१२. ग्वाल्हेरचं असं काही चित्र आहे का? प्रत्येक वेळी टेडी अस्वल नको.

किल्ल्यावर जा आणि मानमंदिराची बाहेरची भिंत बघा. राजा मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) बांधलेल्या या महालावर निळ्या टाइलांच्या पट्टीत पिवळ्या बदकांची रांग आहे. हत्ती आहेत, केळीची झाडंही आहेत. टाइलकाम आणि ग्राफ यांचं नातं जवळचं, तुकडे जोडूनच चित्र. त्या रांगेवरून मी बेतलेलं बदक १२ घरं रुंद आणि ९ ओळी उंच आहे. पहिली ओळ सुलट बाजूला यायला हवी, आणि प्रत्येक ओळ विणण्याच्या क्रमाने लिहिली आहे.

ओळ १ : निळे ३, पिवळे ७, निळे २.
ओळ २ : निळा १, पिवळे ९, निळे २.
ओळ ३ : निळे २, पिवळे १०.
ओळ ४ : पिवळे १०, निळे २.
ओळ ५ : निळे २, पिवळे ४, निळे ५, पिवळा १ (ही शेपटी).
ओळ ६ : निळे ७, पिवळे २, निळे ३.
ओळ ७ : निळे २, पिवळे ३, निळे ७.
ओळ ८ : निळे ७, पिवळे ३, नारिंगी २ (चोच).
ओळ ९ : निळे २, पिवळे ३, निळे ७.

आठ बदकांना ९६ घरं लागतात. १०५ च्या दुलईत उरलेली ९ घरं एका कडेला ४, दुसऱ्या कडेला ५ अशी वाटा. डोळा आठव्या ओळीत काळ्या धाग्याने भरा, मणी किंवा बटण लावू नका. मुक्या खांबाच्या रुंदीमुळे बदक थोडं गुबगुबीत होतं. बदकाला शोभतं ते.

१३. हेच बदक टोपीवर घेतलं तर वाकडं गेलं. का?

टोपी गोलात विणली जाते. गोलात न उलटता विणलेल्या मुक्या खांबांचे टाके एका बाजूला सरकत जातात, त्यामुळे उभ्या रेघा कलतात. शिवाय गोलात सगळ्या ओळी उजवीकडून डावीकडेच वाचायच्या असतात, म्हणजे प्रश्न १२ मधल्या सम ओळी उलट्या क्रमाने घ्या. कल नकोच असेल तर टोपी सपाट विणून मागे शिवा. पाच बदकांची ६० घरं म्हणजे सुमारे ४३ सेंमी, ती साधारण पाच-सहा महिन्यांच्या बाळाला बसते. घटवणं चित्र संपल्यावर सुरू करा.

मला विचाराल तर कुंची करा. कुंची म्हणजे दुमडून डोक्यामागे शिवलेला लांब आयतच, त्यामुळे ग्राफ सरळ बसतो. बदकांची रांग खालच्या काठाला घ्या. शिवण आतून चपटी हवी. आणि गळ्याला नाडी नको, शिवलेलं प्रेसबटण लावा.

१४. बाळाचा फोटो ॲपमध्ये टाकला, चाळीस रंगांचा ग्राफ आला. विणू का?

नको. १०५ बाय १४४ घरांत चेहरा धुरकट होतो आणि चाळीस रंगांच्या शेपट्या घालण्यात वर्ष जातं. सहा रंगांपर्यंत उतरवून बघा. तेवढ्यात चित्र ओळखू येत नसेल तर ते लोकरीचं चित्रच नाही.

१५. मी डावखुरी आहे. चित्र उलटं येतं.

तुम्ही पहिली ओळ डावीकडून सुरू करता, म्हणून उजव्या हाताच्या लिखित सूचना वापरल्या की चित्र आरशातलं येतं. बदकाला फरक पडत नाही, ते दुसऱ्या दिशेने पोहेल. अक्षरांना पडतो. ग्राफ डोळ्यांसमोर असेल तर पहिली ओळ खालच्या डाव्या कोपऱ्यातून वाचा, चित्र सरळ येईल.

१६. नाव देवनागरीत कसं बसवायचं? इंग्रजी अक्षरांचे तयार ग्राफ मिळतात, आपले मिळत नाहीत.

आपल्या लिपीला उंची जास्त लागते. मी १४ ओळी धरते : अक्षराच्या अंगाला ७, शिरोरेघेला १, वरच्या मात्रा-वेलांट्यांना ३, खालच्या उकारांना ३. शिरोरेघ सलग असल्याने नाव एकसंध दिसतं आणि त्या ओळीत रंगही फार बदलावे लागत नाहीत. ‘रमा’, ‘गौरी’, ‘समर’ सुखाने बसतात. ‘ज्ञानेश्वरी’सारखं नाव असेल तर घरच्या हाकेचं नाव विणा. अनुस्वार दोन बाय दोन घरांचा घ्या, एका घराचा ठिपका धुळीसारखा दिसतो.

अंकांची दुलईही छान होते, आणि आकडे मराठीच घ्या. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० मधलं शून्य छोट्या वर्तुळासारखं कोरलेलं आहे. ग्वाल्हेरच्या बाळाच्या दुलईवर ० ला मानाची जागा हवी.

१७. बारा ओळी खाली एक घर चुकलं आहे. उसवू?

एक-दोन घरं असतील तर उसवू नका. योग्य रंगाचा धागा सुईत ओवून त्या टाक्यावर वरून भरतकाम करा, कुणाला कळणार नाही. पूर्ण ओळ एका घराने सरकली असेल तर मात्र उसवा. ती तुम्हाला रोज दिसेल.

१८. सासूबाई म्हणतात बाळ होण्याआधी विणू नये, आणि बारसं बाराव्या दिवशी. वेळ कसा पुरेल?

मिनिटाला १२ टाके धरले तर १५,१२० टाक्यांना २१ तास होतात, आणि रंग बदलणं व शेपट्या घालणं वेगळं. बारा दिवसांत बाळंतविड्यात ठेवायला कुंची आणि मोजे होतील, दुलई होणार नाही. मी मधला मार्ग काढते : डोहाळजेवणानंतर नमुना, ग्राफ, लोकर खरेदी, चिमटे भरणं सगळं उरकते. यातलं काहीच ‘बाळाचं विणणं’ नाही, सासूबाईंची हरकत नसते. दुलई पहिल्या उष्टावणापर्यंत आली तरी बाळ रागवत नाही.

१९. दुलई पाळण्यात घालता येईल?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी ठेवू नका असं सांगते, गुदमरण्याच्या भीतीने. दुलई मांडीवर घेताना, बाबागाडीत, तुमच्या नजरेसमोर वापरा, जमिनीवर खेळायला पसरा. झोपेत उबेसाठी अंगातलेच कपडे वाढवा.

२०. धुवायची आणि ठेवायची कशी?

अॅक्रिलिक कोमट पाण्यात, जाळीच्या पिशवीत, आणि वाळवताना आडवी पसरून. इस्त्री टेकवू नका. उष्णतेने अॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं आणि परत येत नाही. पेटीत ठेवताना डांबराच्या गोळ्या नकोत. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना डांबराच्या गोळ्यांच्या वासातल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याचं डॉक्टर सांगतात, आणि ती कमतरता आधी कळलेली नसते. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुन्या साडीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. अॅक्रिलिकला तसाही कसर लागत नाही.

२१. कार्टूनच्या टोप्या करून विकल्या तर चालतील?

भाचीला भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची असतात आणि विक्रीला परवानगी लागते. मोर, बदक, हत्ती कुणाच्या बापाचे नाहीत.

२२. मोठ्याच्या नावाची दुलई आता धाकटीला द्यायची आहे. नाव बदलता येईल?

नाव कुठे विणलं आहे त्यावर आहे. क्रोशाचं काम शेवटच्या टाक्यापासूनच उसवतं, मधलं घर मोकळं करता येत नाही. नाव खालच्या ओळींत किंवा मध्यावर असेल तर वरून ठिगळासारखी नवी पट्टी विणून शिवा, दुसरा उपाय नाही. कोपऱ्यातून विणलेल्या दुलईचंही तेच. म्हणून माझ्या सगळ्या ग्राफांत नाव सर्वांत वरच्या, म्हणजे शेवटी विणल्या जाणाऱ्या ओळींत असतं. काठ सोडवा, नावाच्या १४ ओळी उसवा, लोकर ओली करून, वाळवून सरळ करा आणि त्याच लोकरीने नवं नाव घाला. ‘समर’चं ‘रमा’ करायला नवी लोकर लागलीच नाही. एक अक्षर कमी झालं, तिथे मी एक बदक बसवलं.